वस्तू येण्याआधी पैसे : आगाऊ नोंदणी आणि ग्राहक

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त सिकंदराबाद येथे मराठी भाषिक ग्राहकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बाजारात अद्याप न आलेल्या व्हिडिओ गेमची आगाऊ नोंदणी ग्राहकाने करावी काय, हा आजचा विषय. तो ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले असेल की, मुलांच्या करमणुकीत व्याख्यान देण्याजोगे काय आहे? तेव्हा आरंभी एवढेच सांगतो की, परदेशी कंपनीच्या एका नव्या मोठ्या गेमची किंमत आज चार ते पाच हजार रुपयांच्या घरात आहे. खाते वडिलांचे, मोबाइल आईचा, आणि खरेदीचा निर्णय मात्र नववीतल्या मुलाचा, असा हा व्यवहार पुष्कळ घरांतून होत असतो. नांदेड, परभणीकडून शिक्षणासाठी या जुळ्या शहरांत येऊन राहिलेल्या मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांना तो खात्यातून पैसे गेल्यावरच कळतो. ज्या घरात महिन्याचा हिशेब वहीत मांडला जातो, त्या घरात पाच हजारांची रक्कम ही किरकोळ बाब नव्हे.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. गेम तयार होण्यास चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तो विक्रीस येण्याच्या काही महिने आधी कंपनी एक आकर्षक चित्रफीत प्रसिद्ध करते आणि सांगते की, पूर्ण किंमत आजच भरा, प्रकाशनाच्या दिवशी पहिल्या घटकेला गेम तुमच्या यंत्रावर येईल. शिवाय गेममधील एखादा खास पोशाख किंवा शस्त्र भेटीदाखल मिळेल. या पद्धतीला प्री-ऑर्डर म्हणतात. पैसे भरणाऱ्याने वस्तू पाहिलेली नसते. अन्य कोणी ती वापरून तिच्याविषयी लिहिलेलेही नसते. जाहिरातीवर विश्वास, एवढाच या खरेदीचा आधार असतो.

आगाऊ पैसे देण्याची चाल आपल्याला नवी नाही, आणि ती सरसकट वाईटही नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तके चाळली तर अनेकांत आश्रयदात्यांच्या नावांची यादी छापलेली आढळते. या मंडळींनी पुस्तक छापून होण्याआधी प्रती नोंदविलेल्या असत, आणि त्या नोंदणीच्या भरवशावर ग्रंथकार छापखान्याची पायरी चढत असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी मराठी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले तेव्हा १९१६ साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले, आणि तेवीस खंडांचे काम तडीस नेले. ज्यांनी पैसे घातले त्यांनी धोका पत्करला होता यात शंका नाही. परंतु त्या पैशांवाचून ज्ञानकोश निघालाच नसता, हेही तितकेच खरे.

यानंतरची आगाऊ नोंदणी निराळ्या जातीची होती. ती टंचाईतून जन्मली. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज चेतक स्कूटरसाठी अनामत रक्कम भरून लोक वर्षानुवर्षे थांबत. मुलीच्या लग्नात जावयाला स्कूटर देता यावी म्हणून ती लहान असतानाच नाव नोंदविल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. दूरध्वनीसाठीही अधिक रक्कम आगाऊ भरून रांगेत पुढे जाण्याची सोय होती. १९८३ साली मारुती मोटारीची नोंदणी सुरू झाली तेव्हा दहा हजार रुपये भरण्यासाठी झुंबड उडाली आणि दोन महिन्यांत लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्या काळी ग्राहक आगाऊ पैसे का देत असे? वस्तू थोड्या होत्या आणि मागणारे पुष्कळ होते. पैसे दिल्याने त्याला रांगेत एक क्रमांक मिळत असे, आणि त्या क्रमांकाला खरोखरीचे मोल होते.

तिसरा प्रकार मला सर्वांत अधिक आवडतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट केले. प्रत्येक कुटुंबाने महिन्याच्या वाणसामानाची यादी आधी भरून द्यावयाची, संस्थेने सर्वांची मागणी एकत्र करून माल घाऊक दराने खरेदी करावयाचा, तो गटाकडे पोचवावयाचा आणि सभासदांनी आपसांत वाटून घ्यावयाचा. ही आगाऊ मागणीच होय. पण येथे मागणी नोंदविण्याने ग्राहकाचे बळ वाढते. हजारो घरांची यादी हातात असलेली संस्था व्यापाऱ्याशी भाव ठरवू शकते, माल पारखून घेऊ शकते, आणि तो वाईट निघाल्यास परत करू शकते.

आता ही तीनही उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवून गेमच्या आगाऊ नोंदणीकडे पाहा. मोठ्या कंपनीच्या गेमला ग्राहकाच्या आगाऊ पैशांची भांडवल म्हणून गरज नसते. तो गेम बहुतांशी तयार झालेला असतो. टंचाईचा तर प्रश्नच नाही. गेम आता प्रायः इंटरनेटवरूनच यंत्रावर उतरविला जातो आणि त्याच्या प्रती कधी संपत नाहीत. पूर्वी येथल्या पार्क लेनवरील बाजारात तबकडी घ्यावयास जाणाऱ्याला ‘माल संपला’ असे ऐकण्याची भीती असे. डाउनलोड करावयाच्या गेमला ती भीती उरलेली नाही. आणि भावाच्या बाबतीत पाहिले तर आगाऊ पैसे भरणारा सामान्यतः सर्वांत चढी किंमत देतो. रांग नाही, सवलत नाही, भांडवलाची निकड नाही. मग त्या पैशांच्या बदल्यात ग्राहकाला मिळते काय? एक पोशाख. आणि कंपनीला काय मिळते? वस्तू कशी आहे हे लोकांना कळण्यापूर्वीच तिची विक्री.

हे बोलणे कोणास कठोर वाटेल, म्हणून एक उदाहरण जरा तपशिलाने सांगतो. पोलंडमधील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट या नामांकित कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम. याच कंपनीच्या आधीच्या गेमने मोठा लौकिक मिळविला होता, त्यामुळे विश्वास ठेवण्यास जागा होती. प्रकाशनाची तारीख प्रथम १६ एप्रिल २०२० जाहीर झाली, ती सप्टेंबरवर गेली, मग नोव्हेंबरवर, आणि अखेरीस १० डिसेंबर २०२० रोजी गेम विक्रीस आला. तोपर्यंत जगभरातील ऐंशी लाख ग्राहकांनी पैसे भरून नोंदणी केली होती. आपल्याकडे संगणकावरील आवृत्तीची किंमत २,९९९ रुपये होती.

परीक्षकांना प्रकाशनापूर्वी गेम देण्यात आला होता. परंतु तो केवळ शक्तिशाली संगणकावर चालणारा. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवरील आवृत्ती, जी सामान्य घरांतून मोठ्या प्रमाणावर वापरली जाणार होती, ती परीक्षकांच्या हाती आधी पडलीच नाही. शिवाय आरंभीच्या परीक्षणांत स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखविण्याची त्यांना मुभा नव्हती. परिणामी गेम उत्तम असल्याची परीक्षणे प्रसिद्ध झाली, आणि जुनी यंत्रे असलेल्या लोकांनी तो सुरू केला तेव्हा चित्रे अडखळू लागली, माणसे भिंतीत रुतू लागली, गेम मध्येच बंद पडू लागला. प्रकाशनानंतर सुमारे आठवड्याभरात सोनी कंपनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि पूर्ण पैसे परत देऊ केले. जून २०२१ पर्यंत तो तेथे पुन्हा विक्रीस आला नाही.

पुढची हकीकतही ध्यानात घेण्याजोगी आहे. कंपनीने चिकाटीने दुरुस्त्या केल्या, आणि सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या सुधारणेनंतर त्याच गेमची वाखाणणी झाली. मधल्या काळात तो अनेकदा सवलतीत विकला गेला. थोडक्यात, ज्याने सर्वांआधी पूर्ण पैसे भरले त्याला सर्वांत कच्चा माल मिळाला. ज्याने तीन वर्षे वाट पाहिली त्याला पक्का माल कमी दामांत मिळाला. शेतमालाच्या बाजारात असे घडले असते तर गावात त्याची चर्चा वर्षभर चालली असती.

हे एकच उदाहरण असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. जून २०१५ मध्ये ‘बॅटमॅन : आर्खम नाइट’ या गेमची संगणकावरील आवृत्ती इतकी सदोष निघाली की, प्रकाशनानंतर दोन दिवसांतच वितरकाने तिची विक्री थांबविली. सोनी कंपनीचाच ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला, म्हणजे दोन आठवड्यांत, कायमचा बंद करण्यात आला. तेथे ग्राहकांना पैसे परत मिळाले हे मान्य केले पाहिजे. पण परतावा द्यावयाचा की नाही, हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर आणि तिच्या ऐपतीवर अवलंबून राहिले. दर वेळी विक्रेता इतका मोठा असेल असे नाही. आपल्या देशात २०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांच्या मोबाइलची आगाऊ नोंदणी झाली होती, आणि त्या घोषणेवर किती लोकांनी भरवसा ठेवला होता, हे अनेकांना आठवत असेल.

मग आगाऊ नोंदणी कधीच करू नये काय? असे मी म्हणणार नाही. जेथे टंचाई खरी आहे तेथे नोंदणीला अर्थ आहे. प्लेस्टेशन ५ हे यंत्र इतर अनेक देशांत नोव्हेंबर २०२० मध्ये आले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस यावयाचे होते, आणि १२ जानेवारीला नोंदणी सुरू होताच काही मिनिटांत संपली. त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यापैकी काहींनी पुढे दलालांना चढे भाव दिले. ते यंत्र परदेशांत दोन-तीन महिने वापरात होते, त्याचे गुणदोष प्रसिद्ध झालेले होते, आणि नग मर्यादित होते. तेथे नोंदणी करणाऱ्याने व्यवहारज्ञान दाखविले असेच मी म्हणेन. यंत्राला लागू पडणारा हा विचार गेमला मात्र लावता येत नाही.

दुसरा अपवाद लहान निर्मात्यांचा. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा गेम केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवर रचलेली आहे. या मंडळींनी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या व्यासपीठावर रक्कम उभी करण्याचा प्रयत्न केला, पण लक्ष्य गाठता आले नाही. तेथला नियम असा की, ठरलेली रक्कम पुरती जमली तरच वर्गणीदारांकडून पैसे घेतले जातात. न जमल्यास कोणाचाही एक पैसा जात नाही. पुढे अन्य मार्गांनी तजवीज करून २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम प्रसिद्ध झाला. अशा ठिकाणी पैसे घालणारा माणूस केतकरांच्या वर्गणीदारांच्या जवळचा असतो. वस्तू निर्माण व्हावी म्हणून तो जाणूनबुजून धोका पत्करतो. ज्याला परवडते त्याने अवश्य पत्करावा. मात्र ती खरेदी आहे असे समजून पत्करू नये.

पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीने ‘इंडस’ या मोबाइलवरील गेमसाठी आणखी वेगळी वाट धरली. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो प्रकाशित होण्यापूर्वी एक कोटीहून अधिक लोकांनी पूर्वनोंदणी केली होती, आणि त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागला नव्हता. उत्सुकता कळविण्यासाठी पैसे मोजावे लागतातच असे नाही, हे त्यावरून दिसते. नाव नोंदवावे, पैसे मागाहून द्यावेत, ही रीत ग्राहकाच्या सोयीची आहे. मात्र असे फुकट गेम पुढे आतील वस्तू विकून पैसे मिळवितात, हे पालकांनी विसरू नये. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

या शहरांत राहणाऱ्यांना आगाऊ पैशांचे संकट समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. हैदराबादच्या भोवताली ‘प्री-लाँच’ या नावाने, परवानगी मिळण्याआधीच, स्वस्त सदनिकांचे आमिष दाखवून पैसे गोळा करण्याचे प्रकार घडले आणि कित्येक कुटुंबांची आयुष्याची पुंजी अडकून पडली. घरांच्या बाबतीत संसदेने २०१६ साली स्थावर संपदा अधिनियम केला. त्याखाली येणाऱ्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याखेरीज जाहिरात किंवा विक्री करता येत नाही, आणि लेखी करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम आगाऊ घेता येत नाही. तेलंगणाच्या प्राधिकरणाने अशा प्री-लाँच विक्रीबद्दल दंडही केले आहेत. गेमच्या आगाऊ विक्रीला असा कोणताही खास कायदा नाही. शंभर टक्के किंमत पहिल्याच दिवशी घेतली जाते. घर आणि गेम यांची तुलना कोणास अतिशयोक्त वाटेल, परंतु ‘न पाहिलेल्या वस्तूचे पैसे किती घ्यावेत’ हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

खास कायदा नसला तरी ग्राहक अगदीच निराधार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार पैसे दिलेले, देण्याचे कबूल केलेले, किंवा अंशतः दिलेले असले तरी ती व्यक्ती ग्राहक ठरते, आणि इंटरनेटवरून केलेली खरेदीही त्यात येते. २०२० च्याच ई-वाणिज्य नियमांनी विक्रीच्या संकेतस्थळांवर काही बंधने घातली आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करावे. खरेदीची संमती ग्राहकाने स्वतः दिली पाहिजे. आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीला संमती मानता येत नाही. भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी संस्थांनाही हे नियम लागू आहेत. कागदावर लागू असणे आणि परदेशातील कंपनीकडून प्रत्यक्ष पैसे वसूल होणे यांत अंतर असते, हे मात्र आपण समजून असावे.

म्हणून तक्रारीपर्यंत वेळ येण्याआधीच दुकानाचा नियम वाचणे श्रेयस्कर. संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीम या दुकानात आगाऊ नोंदविलेल्या गेमचे पैसे प्रकाशनापूर्वी केव्हाही परत मागता येतात. प्रकाशनानंतर चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर. प्लेस्टेशनच्या दुकानात गेम डाउनलोड करावयास सुरुवात केली की परताव्याचा मार्ग सामान्यतः बंद होतो, वस्तू सदोष असल्याची गोष्ट वेगळी. येथे एक मेख आहे. यंत्रात आपोआप डाउनलोड होण्याची सोय चालू असेल, तर ग्राहक झोपेत असताना त्याचा हक्क निघून जाण्याचा संभव असतो. ज्यांनी नोंदणी केलेलीच आहे त्यांनी आज घरी गेल्यावर ही सोय बंद करावी.

मुलांच्या बाबतीत दोन शब्द. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याने बंधनकारक ठरत नाही. परंतु खाते वडिलांचे आणि गुप्त संकेतांक वडिलांनीच सांगितलेला, अशा स्थितीत हा मुद्दा मांडणे अवघड जाते. गुप्त संकेतांक मुलाला देऊ नये. आणि मुलगा ‘सगळे मित्र घेत आहेत’ असे म्हणाला, तर त्याला रागावण्यापेक्षा पंधरा दिवस थांबावयास सांगावे, व त्या पंधरा दिवसांत गेमविषयी आलेली मते त्यालाच वाचून दाखवावयास सांगावे. आठवी-नववीच्या वर्गात शिक्षकांनी जाहिरात आणि परीक्षण यांतील फरक शिकविताना एखाद्या गेमची चित्रफीत घेतली तर मुले कान देऊन ऐकतील. साबणाच्या जाहिरातीला ती तितकी दाद देत नाहीत.

तक्रार करण्याची वेळ आलीच तर प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ती नोंदवावी. तेथे निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे ती अशी की, ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते; भोकरच्या माणसाला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्यासाठी पैसे भरल्याची पावती, नोंदणीच्या वेळची जाहिरात, प्रकाशनाची कबूल केलेली तारीख, आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. जाहिरातीचे पान कंपनी पुढे बदलू शकते, म्हणून त्याचे छायाचित्र त्याच दिवशी घेऊन ठेवावे.

दुकानात जाऊन तबकडी किंवा यंत्र नोंदविणाऱ्यांनी साध्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. पावतीवर वस्तूचे पूर्ण नाव, ती कोणत्या यंत्रासाठी आहे, भरलेली रक्कम, माल देण्याची तारीख आणि तारीख टळल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील, एवढे लिहून घ्यावे. आपल्यापैकी तिघा-चौघांनी अशा पावत्या सोबत आणल्याचे मला सभेपूर्वी सांगितले. सभा संपल्यावर मी येथेच थांबणार आहे. त्यांनी त्या घेऊन यावे, एकेक पावती आपण मिळून वाचू.